हातमोज्यांचा तक्ता

लोट्याच्या कारखान्यात माझं स्टोअर.
खिडकीला जाळी, जाळीला खाली हातभर फट,
त्या फटीतून दिवसभर नुसते हात येतात.
परकारचाचांच्या करंगळीला नख नाही.
खाडीकाठच्या नव्या पोराच्या तळव्यावर
अजून वल्ह्याचे घट्टे.

तो रुपेश. पहिल्याच आठवड्यात म्हणाला,
मॅडम, सगळ्याला चालेल अशी एकच जोडी द्या ना.
मी विचारलं, तुझ्या बापाकडे जाळी किती?
बोटं मोजायला लागला:
कोळंबीचं बारीक आसाचं,
बोयरांना कांडाळ, पाग वेगळा,
आणि ते एक फाटकं, चुलत्याचं…
मग थांबला. हसला.

तरी मी त्याला भिंतीवरचा तक्ता दाखवलाच.
निळे नायट्रिलचे: तेल, ग्रीस, कॉस्टिक.
अ‍ॅसिटोनला नाहीत.
अ‍ॅसिटोन भोक पाडत नाही, हेच लोकांना पटत नाही.
जांभ्याची भिंत बाहेरून कोरडी दिसते
आणि आत कपाटातल्या साड्यांना बुरशी येते,
तसं ते येतं. गुपचूप. कातडीपर्यंत.
त्याला काळे ब्युटाइलचे घ्यायचे,
पण तेच काळे टोल्युइनला घालायचे नाहीत.
टोल्युइनचे कपाटात, कुलपात,
एका जोडीत तुझा आठवड्याचा पगार जाईल.

शेवटच्या रकान्यात मिनिटं.
डब्यावर कंपनीने छापलेली असतात,
मी त्याच्या निम्मी लिहिते,
कारण त्यांनी मोजली ती कुठल्यातरी थंड खोलीत
आणि आमच्या रिअ‍ॅक्टरपाशी बारा महिने वैशाख.

मार्चमध्ये अकाउंट्सचे बर्वे म्हणाले,
सगळे निळेच घ्या, रेट बरा पडतो.
मी वाद घातला नाही.
निळ्या मोज्याचं एक बोट कापलं,
झाकणाच्या बरणीत अ‍ॅसिटोन, त्यात ते बोट,
बरणी त्यांच्या खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर.
जेवणाच्या सुट्टीनंतर चिमट्याने काढलं:
फुगलेलं, लिबलिबीत, ओढलं तर तुटलं.
बर्वे बघत राहिले.
सही केली, अर्ध्या मागणीवर.

रुपेशला मी एवढंच शिकवलं:
मनगटापासून गुंडाळत आण, हवा बोटांत कोंड,
गालाशी धर. गळती डोळ्याआधी गालाला कळते.
हात वर करून काम असेल तर काठ बाहेर दुमड,
थेंब कोपराकडे पळतात.
काढताना उलटा, बाहेरची बाजू आत.
बाहेरच्या बाजूला उघडं बोट लागलं
तर दिवसभर घातलेले फुकट.

हे सगळं मला कोणी शिकवायच्या आधी
आईचे हात होते.
अठ्ठावीस वर्षं काजूच्या फॅक्टरीत.
टरफलाचं तेल: बोटं आधी काळी,
मग सालपटं, मग गुळगुळीत.
राख लावायची, एरंडेल लावायचं, परत बसायचं.
रेशनच्या यंत्रावर तिचा अंगठा उमटत नाही.
दुकानदार म्हणतो, परत लावा मावशी.
ती पदराला पुसून परत लावते,
जणू चूक तिच्याकडून झालीय.

एका रविवारी मी तिच्यासाठी एक जोडी नेली,
निळी, सात नंबरची, स्वतःच्या पैशांनी.
तिने घातली. मूठ मिटली, उघडली.
सुपातली एक बी उचलली,
सुटली. परत उचलली.
"बरे हायत गो," म्हणाली,
"पन ह्ये घालून दिसाला किलो किती हुतील?"

मी माझा तक्ता मनात वरपासून खालपर्यंत वाचला.

पुढच्या रविवारी गेले
तर मोजे धुऊन दोरीवर वाळत घातलेले.
दोन्हींचा अंगठा आणि तर्जनी
टोकाशी कात्रीने कापलेली, अगदी नीट, सरळ.
उरलेली तीन तीन बोटं
तिने सांभाळली होती.